हौसेची शिवण तडीस नेताना

दिवाळी सरली, की कोल्हापुरात घरोघरी स्नेहसंमेलनांचे वेध लागतात. शाळेतून निरोप येतो : मुलाला मावळा व्हायचे आहे, मुलीला ताराराणी. त्याच सुमारास राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्थांच्या तालमींना जोर चढलेला असतो. पाठोपाठ फेब्रुवारीतील शिवजयंती येते, वैशाखात तिथीनुसार पेठापेठांतून निघणाऱ्या मिरवणुका येतात. पुढे गणेशोत्सवातील सजीव देखावे आणि दसरा चौकातील शाही सीमोल्लंघन. वेष धारण करण्याचे निमित्त या नगरीला कधी कमी पडत नाही. ड्रेपरी भाड्याने मिळते, तयार पोशाखही बाजारात असतात. तरीही आपल्या माणसाचा पोशाख आपल्या हाताने शिवावा, ही हौस अनेकांना असते. त्यांत गृहिणी आहेत, नोकरदार आहेत, महाविद्यालयीन मुले-मुली आहेत आणि निवृत्तीनंतर मशीनवर बसू लागलेले काही पुरुषही आहेत.

मात्र अशा कोणत्याही हौशी घरातील कपाटाचा तळचा कप्पा उघडून पाहावा. बेतून ठेवलेला पण न शिवलेला अंगरखा, एकच बाही लागलेले पोलके, काजे व्हायची राहिलेला कुडता आणि ज्याच्यासाठी बेतली तो मुलगा दरम्यान उंच झाल्यामुळे आता कोणालाच न येणारी सुरवार, असा ऐवज तेथे सापडतो. घरातील मंडळी याला आळस म्हणतात, आणि खेदाची गोष्ट अशी, की शिवणाऱ्या व्यक्तीलाही ते पटते. अशी दोन-तीन गाठोडी साठली, की चौथे काम हाती घेण्याचा धीर होत नाही. मशीनवर इस्त्रीचे कपडे साठू लागतात, झाकण महिनोन्‌महिने उघडले जात नाही आणि चांगला हात असलेली व्यक्ती ‘मी पूर्वी शिवत असे’ असे सांगू लागते. वाया गेलेल्या कापडाची किंमत काढता येते. या गमावलेल्या विश्वासाची काढता येत नाही.

वास्तविक अपुरी राहिलेली कामे वाटेल तेथे थांबलेली नसतात. दहा गाठोडी सोडून पाहिली, तर ती तीन-चार ठरावीक जागीच अडलेली दिसतात. कापडाला कात्री लावण्यापूर्वी, पहिली मोठी चूक झाल्यावर आणि एकाच प्रकारचे कंटाळवाणे काम पुन्हा पुन्हा करण्याची वेळ आल्यावर. या जागा आधीच ठाऊक असतील आणि तेथे काय करायचे हे आधीच ठरलेले असेल, तर उत्साहावर फारशी भिस्त ठेवावी लागत नाही.

या नगरीची परंपरा

मराठीत ‘हौशी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, मनापासून आवड असलेला. दुसरा, व्यवसाय म्हणून न करणारा. कोल्हापुरात हे दोन्ही अर्थ एकाच माणसात नांदत आले आहेत. शाहू महाराजांनी बांधलेले पॅलेस थिएटर १९१५मध्ये उभे राहिले. पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळालेल्या या नाट्यगृहाने व्यावसायिक मंडळींबरोबरच हौशी रंगकर्मींच्या कित्येक पिढ्यांना रंगमंच दिला. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, हे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले तेव्हा शहराला आप्त गेल्याचे दुःख झाले, ते उगाच नव्हे.

हाती घेतलेले काम पुरे करण्याची येथील सर्वांत बोलकी गोष्ट मात्र शिवणाची नाही, ती कॅमेऱ्याची आहे. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी चित्रपट काढायचा ध्यास घेतला आणि स्वतःच कॅमेरा बनवण्याचा उद्योग आरंभला. १९१६मध्ये आनंदरावांचे निधन झाले. कॅमेरा अर्धाच होता. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८मध्ये तो पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२०मध्ये पडद्यावर आला. पौराणिक असो वा ऐतिहासिक, त्या काळाला शोभेल असाच पोशाख पात्राच्या अंगावर हवा, हा आग्रह बाबूरावांच्या चित्रपटांनी रुजवला.

याच वर्तुळात वावरणारे चित्रकार अण्णासाहेब राजोपाध्ये यांची कन्या भानुमती हिचा जन्म २८ एप्रिल १९२९ रोजी कोल्हापुरात झाला. वडील ती लहान असतानाच गेले. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेल्या भानुमतींनी एका महिला साप्ताहिकासाठी पोशाखांची रेखाटने करण्यापासून सुरुवात केली. संपादिकेने वस्त्रदालन उघडले तेव्हा, कागदावर काढतेस तेच कापडात उतरवून पाहा, असे सुचवले गेले आणि चित्रकार वेशभूषाकार झाली. १९५६च्या ‘सी. आय. डी.’पासून सुरू झालेला भानू अथैया यांचा प्रवास शंभरांहून अधिक चित्रपटांचा आहे. ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्यासमवेत १९८३मध्ये मिळालेले ऑस्कर हे भारतीय व्यक्तीला मिळालेले पहिले ऑस्कर. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्या निवर्तल्या.

हौशी शिवणाऱ्याने एवढ्या मोठ्या नावाकडून काय घ्यावे, असे कोणी विचारील. ‘गांधी’चा पट १८९३पासून १९४८पर्यंतचा, म्हणजे ५५ वर्षांचा आहे. दक्षिण आफ्रिकेतील बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंत एकाच माणसाचा पोशाख बदलत जातो आणि भोवती हजारो माणसे आहेत. असा पसारा कोणीही एका दमात शिवत नाही. चित्रपटाच्या वेशभूषेत पटकथेतील प्रसंगांप्रमाणे आणि पात्रांप्रमाणे याद्या केल्या जातात आणि एकेक यादी संपवली जाते. घरी मात्र आपण ‘मावळ्याचा ड्रेस शिवायचा आहे’ असे एकच अवाढव्य वाक्य मनात धरून बसतो आणि त्याच्या ओझ्याखाली मशीनचे झाकणही उघडत नाही.

काम कोठे अडते?

उदाहरणादाखल बाराबंदी घेऊ. दिसायला साधा सुती पोशाख. पुढच्या दोन पाख्या एकमेकींवर येतात आणि बंदांनी बांधल्या जातात. नावातच सांगितल्याप्रमाणे बंद बारा. कोणाही नवशिक्याला वाटते, की एका रविवारचे काम आहे.

पहिली अडचण कात्रीची. कापड पसरले जाते, खडूने रेघा ओढल्या जातात आणि मग हात थबकतो. कापलेले कापड परत जोडता येत नाही, ही भीती खरी आहे. त्यातून ते आईच्या जुन्या साडीचे किंवा मुद्दाम आणलेल्या खणाचे असेल तर विचारायलाच नको. या भीतीवर धीर देणाऱ्या शब्दांचा उपयोग नसतो, मांजरपाटाचा असतो. स्वस्त मांजरपाट घेऊन त्यावर आधी बेतावे, कच्च्या टाक्यांनी जोडावे, अंगाला लावून पाहावे आणि मगच मूळ कापडाकडे वळावे. बाही, गळा किंवा मुंढा एवढाच अवघड भाग असेल, तर तेवढाच मांजरपाटात करून पाहिला तरी चालतो. शिवणक्लासमध्ये वर्तमानपत्राच्या कागदावर बेतण्याची जी पद्धत आहे, तिचाही हेतू हाच. (कालच्या अंकाचा याहून चांगला उपयोग क्वचितच होत असेल.) आणखी एक गोष्ट : सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. म्हणून ते आणल्या दिवशीच भिजवून, वाळवून, इस्त्री करून ठेवावे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कापड वाळायला दोन-दोन दिवस लागतात आणि ‘कापड ओले आहे’ ही सबब काम पुढे ढकलायला पुरेशी होते.

कापडाची निवडही येथेच महत्त्वाची ठरते. राजेशाही पोशाख म्हटला, की नवशिक्याची नजर मखमलीवर जाते. मखमलीला लव असते. सगळे तुकडे एकाच दिशेने बेतले नाहीत, तर दिव्याच्या प्रकाशात एक पाखी गडद आणि दुसरी फिकी दिसते. मशीनच्या पायाखाली ती सरकते, म्हणून प्रत्येक शिवण आधी हाताने कच्ची घालावी लागते. सॅटिनचे दोरे सुटतात. हे सर्व जमते, परंतु पहिल्याच कामाला ते घेणे म्हणजे पोहायला शिकण्यासाठी पंचगंगेच्या पुरात उतरण्यासारखे आहे. पहिला अंगरखा सुती असावा. सुईचा नंबरही कापडाप्रमाणे बदलावा : तलम कापडाला ११, मध्यमाला १४, जाडाला १६. टाका सुटतो, दोरा तुटतो, मशीन बिघडले म्हणून काम आठवडाभर पडून राहते, अशा कितीतरी तक्रारी नवी सुई घालताच मिटतात.

दुसरी अडचण चुकीची. सर्वाधिक चूक होते ती बाहीत. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अधिक खोल कापलेला असतो. कापड नीट दुमडून समोरासमोर बेतले नाही, तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात आणि हे ध्यानात येते बाही लावून झाल्यावर, रात्री अकरा वाजता. तेथे जो कपडा बाजूला ठेवला जातो, तो वर्ष-वर्ष वर येत नाही. कारण पुढच्या वेळी मशीनवर बसायचे म्हणजे शिवायचे नसते, उसवायचे असते. आणि उसवण्यासाठी उत्साहाने कोण बसेल? जुने कारागीर येथे एक साधा क्रम पाळतात. उसवायचे ते त्याच रात्री उसवून टाकायचे, दोऱ्यांचे तुकडे वेचायचे, इस्त्री फिरवायची आणि थांबायचे. नवी शिवण दुसऱ्या दिवशी, दिवसाच्या उजेडात. सकाळी समोर येतो तो चुकलेला कपडा नसतो, न शिवलेला कपडा असतो, आणि या दोहोंत फार अंतर आहे. बेततानाच पुढच्या बाजूवर खडूची खूण करून ठेवली, तर ही वेळही बहुधा येत नाही.

शिवणकामात शिलाईबाहेर जे जादा कापड ठेवतात, त्याला आपण ‘माया’ म्हणतो. या शब्दाची योजना ज्याने केली त्याला दाद द्यावीशी वाटते. वाढत्या मुलाच्या पोशाखात खांद्याला, बाजूला आणि खालच्या पट्टीत मोकळ्या हाताने माया सोडली, तर काम दोन-तीन महिने लांबले तरी कपडा वाया जात नाही. तंग बेतलेल्या कपड्याला उशीर सोसत नाही.

तिसरी अडचण कंटाळ्याची आणि बाराबंदीत ती ठाण मांडून बसलेली असते. अंग शिवून झाले, बाह्या लागल्या, आरशासमोर धरून पाहिले. कपडा जणू तयारच आहे. उरले ते फक्त बंद. बारा पट्ट्या कापायच्या, दुमडायच्या, शिवायच्या, सेफ्टी पिन अडकवून सुलट करायच्या, टोके आत घालायची, जागेवर लावायच्या. यांत कौशल्य शून्य आणि वेळ मात्र अंग शिवायला लागला तेवढाच. सदऱ्याच्या बाबतीत हीच जागा काजांची असते, घेरदार झग्याच्या बाबतीत तुरपाईची. कपडा ‘जवळजवळ झालेला’ असणे हीच त्याची सर्वांत धोक्याची अवस्था. मनाने तो पुरा झालेला असतो, नव्या कापडाची ओढ लागलेली असते.

यावर उपाय क्रम बदलण्याचा. बंद सर्वांत आधी करावेत. कापड बेतले त्याच दिवशी, उत्साह ताजा असताना, बाराही पट्ट्या एकापाठोपाठ एक मशीनखालून काढाव्यात. मध्ये दोरा न तोडता, माळेसारख्या. नंतर कात्रीने सुट्या कराव्यात. सुलट करण्याचे काम हातात धरण्याजोगे आहे, ते दूरदर्शनसमोर बसूनही होते. आणि जे काम आवडतच नाही, ते सरळ बाहेर द्यावे. काज-बटण करून देणारे, ओव्हरलॉक आणि फॉल-पिको करून देणारे कारागीर बाजारात आहेत; ते त्यांचे पोटाचे काम आहे आणि ते आपल्यापेक्षा सफाईने करतात. ‘सगळे मीच केले’ असे म्हणता यावे या हट्टापायी किती कपडे काजांवाचून राहिले असतील! भानू अथैया यांनी पडद्यावरचा प्रत्येक काज स्वतः केला असेल, असे कोणालाच वाटत नाही.

रंगीत तालमीची तारीख

महाराष्ट्र राज्य हौशी नाट्य स्पर्धा १९५४पासून चालत आली आहे. तिच्यासाठी वेशभूषा करणाऱ्या कोणालाही विचारावे : पोशाख पुरे कसे होतात? उत्तर एकच, तारीख असते म्हणून. तिसरी घंटा वाजल्यावर नट अर्धवट अंगरख्यात उभा राहू शकत नाही. आणि पोशाख दुसऱ्याच्या अंगावर चढायचा असल्याने टाळाटाळीला लाजही वाटते. स्वतःसाठी शिवायला घेतलेल्या कपड्याला यांपैकी काहीच नसते. म्हणून स्वतःचा कपडा मागे राहतो आणि शेजारणीच्या मुलीचा वेळेवर होतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

परंतु नाटकवाल्यांकडून घ्यायची खरी युक्ती प्रयोगाच्या तारखेची नाही, रंगीत तालमीची आहे. रंगीत तालमीला पोशाख, रंगभूषा, प्रकाश सर्व काही प्रयोगाप्रमाणेच असते आणि ती प्रयोगाच्या काही दिवस आधी होते. तेथे कळते, की अंगरख्याचा घेर पायऱ्या चढताना पायात येतो, की शेला खांद्यावर राहत नाही, की हात उंचावला की काखेत शिवण ताणते. घरच्या कामालाही अशी तालीम नेमून घ्यावी. संमेलन शनिवारी असेल, तर आधीच्या रविवारी मुलाला पूर्ण पोशाख घालून आजी-आजोबांसमोर उभे करायचे, असे आठवडाभर आधीच सांगून ठेवावे. आजींना काखेतील ताण बरोबर दिसतो.

वेळेचा अंदाज चुकतो तो केवळ आपलाच, असेही नाही. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये या स्वभावदोषाची मांडणी केली. पुढे १९९४मध्ये रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना, काम किती दिवसांत होईल, असे विचारले. सरासरी उत्तर आले सुमारे ३४ दिवस. सर्व काही बिघडत गेले तर? तरीही ४९ दिवसांच्या आत, असे ते म्हणाले. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. म्हणजे वाईटात वाईट अंदाजही तोकडाच पडला. त्यातून निघणारा व्यवहार साधा आहे : कल्पनेने अंदाज बांधू नये, मागील कपड्याला किती संध्याकाळी लागल्या ते आठवावे. एका वहीत प्रत्येक कामाची सुरुवात आणि शेवट एवढ्या दोनच तारखा लिहिल्या, तरी तीन कपड्यांनंतर आपला स्वतःचा वेग हाती येतो आणि तो बहुधा वाटला होता त्याच्या निम्मा असतो.

‘वेळ मिळेल तेव्हा शिवीन’ या संकल्पाचे काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९मध्ये मांडलेले सूत्र येथे कामी येते : ‘अमुक झाले, की तमुक करीन’ अशा जोडीने ठरवलेले काम नुसत्या इच्छेपेक्षा अधिक वेळा पार पडते. रविवारी दुपारची भांडी आवरली, की बाही लावायला बसायचे. शिवायचे आहे असे मोघम ठरवायचे नाही, बाही लावायची आहे असेच ठरवायचे. कामाचे नाव जितके लहान, तितका हात लवकर उचलला जातो.

मशीनची जागा

हा मुद्दा लहान वाटेल, पण अपुऱ्या कामांचा मोठा वाटा येथेच दडलेला असतो. बहुतेक सदनिकांत शिवणाची वेगळी खोली नसते. मशीन जेवणाच्या टेबलावर येते आणि जेवणाआधी उचलावे लागते. कापड, टाचण्या, खडू, टेप, बॉबिन मांडायला वीस मिनिटे आणि आवरायला दहा. मधल्या अर्ध्या तासात होणार काय? जुने पायमशीन या बाबतीत सुखाचे होते. ते खिडकीपाशी कायम उभे असे आणि जाता-येता एक शिवण मारता येत असे. विजेचे लहान मशीन घेताना ही सोय आपण घालवून बसलो.

जागा वाढवता येत नाही, मांडणी बदलता येते. प्रत्येक कामाची एक कापडी पिशवी करावी. तिच्यात त्या कपड्याचे सर्व तुकडे, त्याच रंगाचे रीळ, भरलेली बॉबिन, बटणे आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर पुढचे एकच पाऊल लिहिलेले असावे : ‘डाव्या खांद्याची शिवण’. काम थांबवताना अवघड जागी थांबू नये. पुढचा तुकडा टाचण्या लावून, सुईत दोरा ओवून, मशीनखाली ठेवायच्या तयारीत थांबावे. दुसऱ्या दिवशी थकून आलेल्या माणसाला विचार करावा लागू नये, पाय दाबला की शिवण सुरू व्हावी.

सफाईबद्दलही येथेच बोलायला हवे. नेहमीच्या वापराच्या कपड्याची आतली बाजूही बाहेरच्याइतकी सुबक असावी, हे खरे. स्नेहसंमेलनाचा पोशाख मात्र तीन तासांचा असतो आणि पाहणारा वीस-पंचवीस फुटांवर बसलेला असतो. तेथून तुरपाईचा टाका दिसत नाही. रंग, आकार आणि पोशाख अंगावर कसा बसला आहे एवढेच दिसते. आतल्या कडा ओव्हरलॉक न करता राहिल्या, हुकाऐवजी वेल्क्रो लागला, जरीची बॉर्डर शिवण्याऐवजी चिकटवली, म्हणून कोणताही मावळा कमी शूर दिसत नाही. दोन्ही कपड्यांना एकच माप लावल्याने कित्येक चांगले पोशाख शेवटच्या आठवड्यात सोडून दिले जातात आणि ऐनवेळी भाड्याची ड्रेपरी येते. ती आणण्यातही काही गैर नाही. जिरेटोप आणि तलवार भाड्याने, अंगरखा घरचा, अशी वाटणी केली तर अंगरखा पुरा तरी होतो.

वाकळ

आता ज्यांच्या कपाटात गाठोडी साठलेलीच आहेत, त्यांनी काय करावे? कोल्हापूरकराला कापडाचा मोह आवरणे कठीण, हे आधी मान्य करायला हवे. इचलकरंजी हाकेच्या अंतरावर आहे, जेथे पहिला यंत्रमाग १९०४मध्ये आला. दुसऱ्या बाजूला गांधीनगर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची छावणी होती. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी बांधव वसले आणि कापडाची घाऊक बाजारपेठ उभी राहिली. एका दुपारी तेथे फेरी मारली, की तीन पोशाखांचे कापड घरी येते. कापड निवडण्याचा आनंद हा शिवण्याच्या आनंदापासून वेगळा आहे आणि तो वेगळाच मोजावा. अपुऱ्या पिशव्या तीन असतील तर चौथे कापड घ्यायचे नाही, एवढा एक नियम पुष्कळ काम करतो.

मग सर्व गाठोडी एकदा उजेडात सोडावीत आणि तीन वाटण्या कराव्यात. ज्यांना दोन बैठकी पुरतील, ती वर. ज्यांचे माप, निमित्त किंवा आवड सरली आहे, ती बाजूला. उरलेल्यांपैकी एक, फक्त एक, निवडावे. दोन बैठकींचे काम आधी पुरे करावे. घडी घालून ठेवलेला एक पुरा कपडा पुढच्या कामाला जेवढे बळ देतो, तेवढे कोणतेही व्याख्यान देत नाही. सोबत मिळाली तर अधिक चांगले. दोन मैत्रिणींनी रविवारी दुपारी आपापली पिशवी घेऊन एकत्र बसण्यात मोठी ताकद आहे. बोलता बोलता बंद सुलट होतात.

बाजूला पडलेल्या कापडाचे काय करायचे, हे या भागातील आज्यांना कोणी शिकवावे लागले नाही. इतर ठिकाणी गोधडी म्हणतात, तिला आपल्याकडे वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरे, फाटके सदरे, उरलेल्या चिंध्या, सगळे तिच्यात सामावते. न शिवलेला अंगरखाही सामावेल. त्यात अपमान नाही. कापड कामाला लागले, एवढेच त्याचे म्हणणे.

वाकळेचे काम शिवणाऱ्याने एकदा तरी बसून पाहावे. हातभर लांब धावदोरा, एकावर एक थर, हजारो टाके. हे काम शिकवणीशिवाय, तारखेशिवाय आणि बक्षिसाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या पुरे होत आले. त्याचे एक कारण सोबत. दुपारी आवरल्यावर दोघी-तिघी चारी बाजूंनी बसत. दुसरे कारण रचनेत आहे. अनेक ठिकाणी टाके कडेने सुरू होतात आणि चौकोनात चौकोन असे आत सरकतात. पहिला फेरा सर्वांत लांब, उत्साह भरपूर असताना घातलेला. पुढचा त्याहून आखूड, त्यापुढचा आणखी आखूड. शेवट जवळ येताना जिवाची पावले वेगाने पडतात, असे क्लार्क हल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३२मध्ये मांडले. वाकळ शिवणाऱ्या बाया ते फेऱ्याफेऱ्याने अनुभवत आल्या आहेत. मधला शेवटचा चौकोन वीतभराचा उरतो, तेव्हा दिवेलागण झाली तरी सुई खाली ठेवली जात नाही, आणि घरातील कोणीतरी ‘आता उद्या’ म्हणाले, तर ‘एवढं झालं की उठतेच’ असे उत्तर येते.